दांडिया बाजारजवळचा सरांचा मैदान-क्लास: फक्त क्रिकेटच हवं असेल तर जाऊ नका

सरळ सांगते. तुमच्या मुलाला क्रिकेटरच करायचंय, वय वर्षं नऊ, किट आधीच घेऊन झालंय, बॅटवर स्टिकर लावलेत आणि घरी सगळे त्याला हार्दिक म्हणतात, तर हा क्लास तुमच्यासाठी नाही. बडोद्यात क्रिकेटचे क्लास गल्लोगल्ली आहेत, तिकडे जा, सुखी राहाल. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी आहे ज्यांना मूल संध्याकाळी मोबाईल सोडून मैदानावर जावं, अंगात दम यावा, धडपडावं, हरावं, परत उभं राहावं एवढंच हवंय, आणि नंतर कुठला खेळ धरायचा ते त्यानं स्वतःच ठरवावं असं वाटतंय.

क्लासला नाव नाही. खरंच नाही. बोर्ड नाही, इन्स्टा पेज नाही, टी-शर्टवर लोगो नाही. सगळे ‘सरांचा क्लास’ म्हणतात. सरांचं नावही मी इथे टाकत नाहीये कारण मी लिहिते म्हटल्यावर त्यांनी पहिलं हेच सांगितलं, की लिहा काय लिहायचं ते, पण माझं नाव आणि नंबर नको, आत्ताच पोरं जास्त झालीत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या बाजूच्या कुठल्याही मराठी घरात विचारा, अर्ध्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलेलं असतं, लगेच पत्ता मिळेल.

बेसिक माहिती आधी. एका जुन्या शाळेचं मैदान आहे, शाळा सुटल्यावर ते सरांना मिळतं. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. शनिवार-रविवार सुट्टी, आणि ती सुट्टी सर मुद्दाम देतात, मैदान मिळत नाही म्हणून नाही. वय आठ ते चौदा. फी महिन्याला ७०० रुपये. हो, सातशे. माझी शेजारीण मुलाला एका ठिकाणी नुसत्या क्रिकेटचे साडेतीन हजार भरते, वर मॅच फी वेगळी, कपडे वेगळे. एकाच घरातली दोन मुलं असतील तर दुसऱ्याची फी अर्धी. फी रोखच द्यायची, पावती हाताने लिहिलेली मिळते, कार्बन पेपरवाली. हल्ली एका माजी विद्यार्थिनीने क्यूआर कोड लॅमिनेट करून दिलाय पण तो सरांच्या पिशवीत तळाशी असतो, मागितला की चेहरा वाकडा होतो.

आता सर कोण आहेत ते, कारण खरं तर पैसे आपण त्याचेच देतोय.

सर सत्तरीला आलेत. कॉलेज इथलंच, एम.एस. युनिव्हर्सिटी, बी.एस्सी. तेव्हा ते युनिव्हर्सिटीकडून खो-खो खेळायचे, ॲथलेटिक्समध्ये ११० मीटर हर्डल्स आणि तिहेरी उडी, व्हॉलीबॉलच्या टीममध्ये स्मॅशर, आणि सुट्टीत एका लोकल क्लबसाठी विकेटकीपिंग. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही बरं का, त्यांचे जुने जोडीदार कधी कधी मैदानावर येऊन बाकावर बसतात, त्यांच्याकडून कळलं. एक काका सांगत होते की वेस्ट झोन इंटर-युनिव्हर्सिटीला एकाच आठवड्यात खो-खो आणि ॲथलेटिक्सच्या तारखा एकमेकांवर आल्या तर हे महाराज सकाळी हर्डल्स पळून, बसने प्रवास करून, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात खो-खोला उभे. खरं खोटं देव जाणे, काकांच्या गोष्टीत दरवेळी बसचा प्रवास थोडा लांबतो.

मग ते ग्वाल्हेरला गेले, लक्ष्मीबाई कॉलेजला, शारीरिक शिक्षणाच्या डिग्रीसाठी. आता त्याला एलएनआयपीई म्हणतात. १८५७ ला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५७ मध्ये, राणी लक्ष्मीबाईच्या नावाने सरकारने सुरू केलेलं कॉलेज, राणीची समाधीपण त्याच गावात. तिथे हॉस्टेलला राहून पहाटेपासून मैदान, आणि एक खेळ येतो म्हणून चालत नाही, जो येत नाही तोपण शिकावा लागतो आणि दुसऱ्याला शिकवून दाखवावा लागतो. सर म्हणतात मी खेळाडू बडोद्यात झालो आणि मास्तर ग्वाल्हेरला. परत आल्यावर आयुष्यभर एकाच शाळेत विज्ञान आणि पीटी. दोन्ही. म्हणजे सकाळी प्रकाशाचं परावर्तन आणि दुपारी गोळाफेक. रिटायर झाल्यावर हा क्लास.

मी हे एवढं लांबण का लावतेय, तर हा माणूस चार-चार खेळ खेळलेला आहे हे क्लासमध्ये रोज दिसतं. बाकी ठिकाणी ‘मल्टी-स्पोर्ट’ म्हणजे सोमवारी फुटबॉलवाला येतो, मंगळवारी बास्केटबॉलवाला, दोघांची एकमेकांशी ओळखही नसते. इथे एकच माणूस सगळ्याला जोडून शिकवतो. उदाहरण सांगते. माझी मुलगी अकरा वर्षांची. तिला हर्डल्स आवडतात. खऱ्या हर्डल्स नाहीत, पीव्हीसी पाइपच्या गुडघ्याएवढ्या, सरांनी प्लंबरकडून करून घेतलेल्या. पुरुषांच्या ११० मीटरमध्ये दहा हर्डल्स असतात, प्रत्येक १०६.७ सेंटिमीटर उंच, आणि दोघींच्या मधे ९.१४ मीटर अंतर, त्यात बरोबर तीन पावलं घ्यायची असतात, तो ताल चुकला की संपलं. सर मुलांच्या उंचीप्रमाणे अंतर कमी करून ठेवतात पण तीन पावलं म्हणजे तीनच. तर मुलगी हर्डलला आली की थबकायची. कोणीही म्हणेल अजून हर्डल्स मार, सवय होईल. सरांनी तिला हर्डल्सवरून काढून पंधरवडाभर खो-खोत बसवली. का, तर खो मिळाला की उठताना पहिली दोन पावलं अंग खाली ठेवूनच टाकावी लागतात, ताठ उभी राहिलीस तर गेलीस. तिकडून परत हर्डल्सवर आली तेव्हा थबकणं गेलं होतं. मी समोर होते म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

आणि उडी मारल्यावर खाली कसं यायचं यावर तर सर इतका वेळ घालवतात की नवीन पालकांना वाटतं पोरं नुसती उड्या मारतायत, खेळ कधी सुरू होणार. दोन्ही पायांवर, आवाज न करता, गुडघे आत न वळवता. विशेषतः मुलींच्या बाबतीत ते फार कडक आहेत. वयात येणाऱ्या मुलींना उडी आणि वळण असलेल्या खेळांत गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत, तो एसीएल म्हणतात तो, मुलांपेक्षा जास्त होते, आणि पाय टेकताना गुडघा आत पडणं हे त्यातलं एक मोठं कारण. व्हॉलीबॉल, लांब उडी, खो-खोतलं सूर मारणं, सगळीकडे तेच वाक्य, ‘आवाज ऐकू आला मला, परत.’ माझी मुलगी आता घरी पलंगावरून उतरतानाही मांजरासारखी उतरते.

खो-खो. याबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण सरांचा जीव तिथे आहे आणि ते लपवतही नाहीत. आठवड्यात एक तरी दिवस पूर्ण खो-खोचा. आठ जण बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड, नववा पाठलाग करणारा, एकदा खांद्याची दिशा ठरली की मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही, ओलांडायचं तर खो देऊनच. सर म्हणतात या एका नियमात सगळं आहे, तू कितीही जोरात पळ, तुझ्या हातात आहे ते योग्य वेळी योग्य माणसाला खो देणं. पळणाऱ्याला ते एकेरी साखळी (बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं) शिकवतात आधी, मग रिंगण (गोल फिरत चुकवणं), मग खुंटाजवळचं खेळणं. खुंटावरचा सूर मात्र गादी घातल्याशिवाय नाही, आणि बारा वर्षांखाली नाहीच.

बडोद्यात राहून आपल्यालाच माहीत नसतं की देशी खेळांचं या गावाशी काय नातं आहे. कबड्डीचे म्हणजे तेव्हाच्या हुतूतूचे नियम छापून, त्या नियमांनी अखिल भारतीय स्पर्धा १९२३ मध्ये भरवली ती आपल्या हिंद विजय जिमखान्याने. जुम्मादादांचा आखाडा, तो पुढे चालवणारे प्रोफेसर माणिकराव, हे सगळं इथलंच. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड, तेही बडोद्यातूनच निघाले. सर हे भाषणासारखं नाही सांगत, पाणी प्यायच्या वेळात एखादं वाक्य टाकतात आणि पुढे जातात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, दोन्ही फायनल नेपाळविरुद्ध, दोन्ही कॅप्टन मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, तेव्हा मात्र सरांनी अख्ख्या क्लासला जिलेबी दिली. त्यानंतर गुजराती पालकपण विचारायला लागले की खो-खोनुं अलग बॅच छे? नाही. अलग काहीच नाही.

सरांचा अजून एक आवडता किस्सा. १९४६-४७ ची रणजी फायनल, बडोद्याकडून विजय हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ ची पार्टनरशिप, हजारे २८८, गुल महंमद ३१९, जवळजवळ साठ वर्षं जगातला रेकॉर्ड, २००६ मध्ये संगकारा-जयवर्धनेने मोडला. आता माझं माहेर इंदूरचं आणि ती फायनल होती होळकर संघाविरुद्ध, त्यामुळे मी कुंपणाबाहेर दिसले की हा किस्सा जरा मोठ्या आवाजात होतो. मीही एकदा सांगून टाकलं की सर आदल्याच वर्षी होळकरांनी फायनलमध्ये बडोद्याला हरवलं होतं, तेही सांगा की मुलांना. त्यावर म्हणाले, ‘एकूण रणजी मोजा, तुमच्या चार, आमच्या पाच, चला वॉर्मअप.’ असो.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी मी लिहायला बसले. माझा भाचा. तेरा वर्षांचा, उंच, फास्ट बोलर. एका अकॅडमीत जात होता, नाव घेत नाही, शहरात बरीच आहेत त्यातली एक. आठवड्याचे सहा दिवस नेट, रविवारी मॅच. किती बॉल टाकले याचा हिशोब कोणी ठेवत नव्हतं, चांगला टाकतोय म्हणून मोठ्या मुलांना बोलिंग करायलाही हाच. कंबर दुखते म्हणाला तर स्प्रे मारला. मग रात्री कुशीवर वळता येईना तेव्हा नणंदेने ऑर्थोपेडिककडे नेलं, त्यांनी सांगितलं कमरेच्या मणक्यावर ताण आलाय, असंच चालू ठेवलं तर हाडाला बारीक तडा जाईल, बोलिंग पूर्ण बंद. वाढत्या वयातल्या फास्ट बोलरना हे फार कॉमन आहे म्हणे. आपला हार्दिक, बुमराह, दोघांच्या पाठीची ऑपरेशनं झालीच की, तेही एवढे फिजिओ हाताशी असताना. इथे तर तेरा वर्षांचं पोर आणि हाताशी स्प्रे.

डॉक्टरांनी हळूहळू हालचाल सुरू करा म्हटल्यावर त्याला सरांकडे आणला. सरांनी पहिली गोष्ट काय केली, तर डॉक्टरांचा कागद मागितला, स्वतः वाचला, त्यावर जे लिहिलंय त्याच्या बाहेर काही करणार नाही असं नणंदेला तोंडावर सांगितलं. तेल लावा, शेक द्या, माझ्याकडे एक उपाय आहे, असलं काही नाही. याच गोष्टीला मी पाच स्टार देईन, कारण या वयाचे जुने कोच म्हणजे बरेचदा हाडवैद्य पण असतात. भाचा आधी नुसता चालायचा, मग बैठकीचा व्हॉलीबॉल, जमिनीवर बसून, मग पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, मग खो-खोत बसणारा. फार चिडायचा, म्हणायचा मी बोलर आहे, मला इथे लहान मुलींबरोबर का बसवताय. त्या लहान मुलींनी त्याला पहिल्याच खऱ्या डावात मिनिटभरात बाद केला, त्यानंतर तोंड बंद. आता डॉक्टरांच्या परवानगीने बोलिंग सुरू आहे, मोजून, आणि त्याची वळून थ्रो करायची पद्धत पाहून त्याचे जुने मित्र विचारतात कुठे शिकलास. पण हेही लिहायला हवं की त्याचा अंडर-फोर्टीनचा एक सीझन गेला तो गेलाच, आणि नणंदेच्या घरी अजूनही त्यावरून वाद होतात, तिच्या नवऱ्याचं म्हणणं पोर मागे पडलं.

मागे पडण्याची ही भीती सगळ्यांनाच असते, मलाही आहे. म्हणून मी थोडं वाचलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय की साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळात अडकवू नका, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी द्या, आणि वर्षात एकेक महिना करून एकूण तीन महिने तरी त्या मुख्य खेळापासून लांब ठेवा. मी हे सरांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आमच्या वेळी मैदान एकच होतं हो, पावसाळ्यात कबड्डी, थंडीत क्रिकेट, परीक्षेनंतर व्हॉलीबॉल, सुट्टी आपोआप व्हायची.’ मग मुलांना एम. जे. गोपालन यांची गोष्ट सांगितली, मद्रासचे, भारताकडून टेस्ट क्रिकेटही खेळले आणि हॉकीही. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकची हॉकी टीम की इंग्लंडचा क्रिकेट दौरा असा प्रश्न आला, त्यांनी क्रिकेट घेतलं, दौऱ्यात एकही टेस्ट मिळाली नाही आणि तिकडे हॉकीला गोल्ड. मुलांनी विचारलं मग चुकलं का त्यांचं? सर म्हणाले ते तुम्ही वहीत लिहा.

वही! हे विसरणारच होते. प्रत्येक मुलाला एक वही. रोज सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके मोजून लिहायचे, झोप किती तास, काय दुखतंय, आणि काल मैदानावर काय नवीन जमलं ते एक-दोन ओळीत. मराठी, गुजराती, इंग्रजी, कुठल्याही भाषेत. सर शुक्रवारी तपासतात, लाल पेनाने, आणि शुद्धलेखनपण सुधारतात, मास्तर तो मास्तरच. ठोके नेहमीपेक्षा वाढलेले दिसले की त्या मुलाला त्या दिवशी पळवत नाहीत, स्कोअर लिहायला बसवतात. मागे एकदा माझ्या मुलीचे ठोके वाढले होते, सर म्हणाले घरी ने, आणि रात्री ताप आला. विज्ञानाचा मास्तर आणि पीटीचा मास्तर एकाच माणसात असला की असं होतं. मुलांना स्टॉपवॉच देऊन एकमेकांची सरासरी काढायला लावतात, गोळा कुठल्या कोनात सुटला की लांब जातो ते दोरी धरून दाखवतात. माझ्या मुलीला दशांश अपूर्णांक शाळेत नाही समजले, लांब उडीच्या खड्ड्यात समजले.

बरं आता तक्रारी, आणि त्या आहेत.

एक तर वेळ. साडेपाच म्हणजे साडेपाच, फाटक बंद. दांडिया बाजारच्या त्या ट्रॅफिकमधून मी बँकेतून सुटून, मुलीला घेऊन, स्कूटर कुठेतरी दोन गल्ल्या सोडून लावून पोचते आणि पाच मिनिटांसाठी मूल बाहेर उभं. सरांना सांगून उपयोग नाही. पार्किंग शून्य आहे, गाडी आणायचा विचारही करू नका. पालकांनी आत यायचं नाही, कुंपणाबाहेर उभं राहायचं, आणि ओरडून सूचना द्यायच्या नाहीत, एका पप्पांनी ‘भाग बेटा भाग’ केलं तर सरांनी खेळ थांबवून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते पप्पा आता कोपऱ्यावर सेव उसळ खात थांबतात. तसं ते बरंच आहे म्हणा.

दुसरं, मुलं जास्त आणि माणसं कमी. सर आणि दोन माजी विद्यार्थी, त्यातला एक परीक्षा असली की येत नाही. हर्डल्स आणि उडीच्या दिवशी लाइनमध्ये उभं राहण्यातच निम्मा वेळ जातो, आणि मागच्या मुलांच्या मारामाऱ्या सुरू होतात. तिसरं, सामान जुनं. व्हॉलीबॉल टाके घातलेला, उडीच्या खड्ड्यात वाळू कमी, गादी एकच आणि तीही फाटलेली. फी हजार करा आणि गादी घ्या असं आम्ही काही पालकांनी मिळून सांगून पाहिलं, सर म्हणाले फी वाढली की ज्यांना खरी गरज आहे ती पोरं आधी जातील. मग आम्हीच वर्गणी काढायची ठरवली, ती अजून चालूच आहे. मैदानाला लाइट नाहीत, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सव्वासहालाच पॅकअप, फी मात्र तीच.

चौथं, मुलींच्या आया हे विचारतातच म्हणून लिहिते: बाई कोच आधी नव्हती. आता सरांचीच एक माजी विद्यार्थिनी बी.पी.एड. करते आणि आठवड्यातून तीन दिवस येते, मुली तिच्याशी मोकळेपणाने बोलतात. बाकी दोन दिवस नाही. शाळेचं टॉयलेट उघडं असतं, स्वच्छ असतं असं म्हणवत नाही. पिण्याचं पाणी माठाचं, बाटली घरून न्या.

पाचवं, निरोपाची पद्धत. व्हॉट्सॲप ग्रुप नाही. सुट्टी असेल तर फाटकावर खडूने लिहिलेलं असतं. पावसाळ्यात याचा फार त्रास होतो, कारण जून ते सप्टेंबर क्लास कधी आहे कधी नाही, मैदानात चिखल, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा तर बरेच दिवस सगळंच बंद होतं, शहरात मगरी फिरत होत्या, खो-खो कुठला. पावसात शाळेच्या व्हरांड्यात सूर्यनमस्कार, दंड-बैठका आणि मलखांबाच्या दोरीवर चढणं असतं, पण जागा लहान म्हणून अर्धी मुलं आज, अर्धी उद्या. नवरात्रात तर नऊ दिवस बॅच अर्धीही नसते, आपलं बडोदं, रात्री एकपर्यंत गरबा, सरांनी त्याच्याशी भांडायचं सोडून दिलंय, म्हणतात दोन तास दोढियुं (गरब्यातली एक स्टेप) करणाऱ्या पोरीला मी वेगळं फूटवर्क काय शिकवू. आणि उत्तरायणानंतरचा आठवडा मैदानभर मांजा पडलेला असतो, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी रांगेत चालत मांजा गोळा करायचा. हे मला फार आवडतं. पाय कापले जाऊ नयेत म्हणून, आणि पक्ष्यांसाठीपण.

लोक विचारतात सरांनी किती चॅम्पियन काढले. खेल महाकुंभला, म्हणजे गुजरात सरकारच्या क्रीडास्पर्धेला, ते मुलं नेतात, रजिस्ट्रेशन पालकांनीच ऑनलाइन करायचं, खो-खो आणि ॲथलेटिक्समध्ये काही मुलं जिल्ह्याच्या पुढे गेलीत. पण भिंतीवर फोटो-बिटो नाहीत. उलट चौदा पूर्ण झाली की सर सांगतात आता जा. कोणाला बॅडमिंटन जमेल, कोणाला फेकीचा खेळ, कोणाला क्रिकेटच, ते पालकांना बसवून स्पष्ट सांगतात, आणि कुठल्या कोचकडे जायचं तेही सांगतात, कधी स्वतः फोन करतात. काही मुलांना सांगतात याला खेळाची आवड आहे पण हा खेळाडू होणार नाही, रोज पळू दे, खुश राहू दे. हे ऐकायला काही पालकांना आवडत नाही. एका आईला मी रडताना पाहिलंय. मला विचाराल तर सरांनी ते जरा गोड बोलून सांगायला हरकत नव्हती, आणि मुलासमोर तर सांगूच नये.

पोहणं इथे नाही, टेनिस-बॅडमिंटन नाही, फुटबॉल नावापुरता. ज्यांना ते हवंय त्यांनी मांजलपूर किंवा समा भागातल्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला चौकशी करा.

ॲडमिशन जूनमध्ये आणि दिवाळीनंतर. थेट मैदानावर जायचं, पाचला, साडेपाचला नाही. मुलाला बरोबर न्या, सर पालकांशी कमी आणि मुलाशी जास्त बोलतात, पळायला लावतात, एका पायावर उभं करतात, बॉल फेकायला सांगतात, आणि आवडता खेळ कोणता विचारतात. उत्तर क्रिकेट आलं तरी घाबरू नका, निम्म्यांचं तेच असतं. फार महागडे बूट घेऊ नका, खो-खोच्या दिवशी बऱ्याचदा अनवाणीच खेळतात. एक शंभर पानी वही, घड्याळ नाही, चेन-कानातले नाहीत, मुलींनी केस बांधून. आणि दिवाळीनंतरच्या बॅचला जागा हव्या असतील तर आत्ताच बोलून ठेवा, वर्ल्ड कपनंतर गर्दी वाढलीये आणि गादीची वर्गणीपण तुमच्याकडून घेऊच.